दुसऱ्या गुडघ्याआधी: आधी गोळीबरोबरचं खाणं ठरवा

उजवा गुडघा बदलून दीड वर्ष झालं, आता डाव्याची पाळी. पहिल्या वेळी ७१ किलोची मी ऑपरेशनला गेले आणि अडीच महिन्यांनी ७६ किलोची झाले. टाके, जखम, चालणं, सगळं वेळेवर झालं. वजनाचं आणि खाण्याचं मात्र पार भजं केलं. फिजिओथेरपीच्या मुलीनं टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या आणि म्हणाली, "काकू, वजन वाढलंय आणि ते उचलणारा स्नायू उतरलाय." दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

खलनायक कोण, तर बिस्किटं. हसू नका. "गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही" एवढं वाक्य मी दवाखान्यातून पाठ करून आले होते. सूनबाई साडेनऊला ऑफिसला जायची, हे बँकेत नाहीतर भाजीला. मला ओट्यापर्यंत जाता येत नव्हतं. मग उशाशी ग्लुकोज बिस्किटांचा डबा आणि थर्मासात साखरेचा चहा. सकाळची गोळी, चार बिस्किटं. दुपारची गोळी, चार बिस्किटं. संध्याकाळी तसंच. रात्री अकराला पुन्हा. नंतर हिशेब केला तेव्हा चहासकट रोजच्या पाचशे कॅलरी या "गोळीपुरत्या" खाण्यातून जात होत्या. जेवण वेगळंच. आणि बिस्किटांनी पोट भरलेलं असल्यामुळे ताटातली उसळ उरायची.

म्हणून ऑपरेशनच्या तयारीच्या यादीत पहिलं, दुसरं आणि तिसरंही हेच: गोळीबरोबर काय खायचं ते ऑपरेशनच्या आधी ठरवा, आणून ठेवा, हाताशी ठेवा. घरी आल्यावर बघू म्हणाल तर बिस्किटंच खाल.

आता बाकीचं. रक्त-लघवी, ईसीजी वगैरे ते सांगतीलच. त्यात हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांचे आकडे स्वतः वाचा, कारण हे दोन सुधारायला आठवडे लागतात, दोन दिवस नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, ठीक आहे का तेही विचारा. किडनीचा त्रास असेल तर खाली लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण तुमच्यासाठी नाही, ते डॉक्टरच ठरवतील. दात दुखत असेल तर आधी दाखवा. वजन करा आणि वहीत लिहा.

ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात उपाशी राहून वजन उतरवू नका. मी पहिल्या वेळी आठवडाभर नुसत्या काकड्या खाल्ल्या होत्या, मूर्खपणा. जास्त वजनाच्या माणसाचं एक किलो उतरलं की झिजलेल्या गुडघ्यावरचा दर पावलाचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, हे खरं आहे. पण ते काम सहा महिने आधी करायचं असतं. शेवटच्या महिन्यात साखर, तळण कमी करा आणि डाळ वाढवा, बास.

प्रथिनांचा हिशेब एकदाच सांगते. एरवी किलोमागे एक ग्रॅमच्या आत भागतं. ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ सव्वा ते दीड ग्रॅम सांगतात, म्हणजे सत्तर किलोच्या बाईला दिवसाला साधारण ८७ ते १०५ ग्रॅम. आता आपल्या घरातलं बघा: एका अंड्यात सहा, कपभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर वरणात पाच-सहा आणि ते पातळ असेल तर त्याहून कमी. साबुदाण्यात जवळजवळ शून्य. सकाळी पोहे, दुपारी मऊ भात, रात्री रव्याची खीर, असं "हलकं" खाऊन मी दिवसाला चाळीसच्या पुढे गेले नसेन. आजाऱ्याला पेज-भात हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की वाटीत मटकी दिसली की घरचे म्हणतात, पचेल का? पचते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला व्यवस्थित पचत होती, देत कोणी नव्हतं.

म्हणून पुन्हा गोळीचा डबा. नीट ऐका. उशाशी दोन बरण्या. एकीत फुटाणे, मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम खाल्ले तर सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. दात साथ देत नसतील तर डाळ्याचं पीठ, ताकात मीठ-जिरं घालून. दुसरीत भाजलेले शेंगदाणे, पण मोजून वीस-पंचवीस दाणे. दाण्यांनीही वजन वाढतं. थर्मासात चहाऐवजी गार ताक. दोन उकडलेली अंडी सोलून डब्यात. आमच्याकडे गुरुवारी-शनिवारी अंडं नाही, त्या दिवशी पनीरच्या चार फोडी मीठ-मिरपूड लावून. अंडं-पनीर सुनेनं निघताना फ्रीजमधून काढून ठेवायचं आणि मी दुपारच्या आत संपवायचं. रात्रीच्या गोळीला कपभर कोमट दूध, बिनसाखरेचं. एवढं केलं तर दिवसाची पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनं गोळ्यांच्या निमित्तानंच पोटात जातात. जे खाणं मला नडलं त्याच वेळा, फक्त पदार्थ वेगळा.

आणि एक प्रश्न, जो मी विचारलाच नाही: यातल्या कुठल्या गोळीला खरंच खाणं लागतं? डिस्चार्जच्या कागदावर पेन घेऊन बसा आणि एकेका गोळीपुढे लिहून घ्या. सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळीला लागतं. साध्या पॅरासिटामॉलला लागत नाही. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल तर उलट नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते; मी तीही बिस्किटाबरोबर घेत होते! लोहाची गोळी दिली तर ती चहा-दुधाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नका, रोज सारख्या खा. माझ्या चार वेळांपैकी दोन वेळा खायची गरजच नव्हती. दोन वेळा! हे सगळं मला वजन वाढल्यावर, मेडिकलच्या दुकानात उभं राहून कळलं.

दवाखान्यातले दिवस सोडून द्या. तिथे ताट येतं, ते खायचं. भूक नसते, मळमळतं, चालायचंच. आदल्या रात्रीपासून काय-किती बंद ते भूलतज्ज्ञ सांगतात, तेच पाळायचं. "एक घोट चहानं काय होतंय" म्हणणाऱ्या आत्याबाईंना त्या दिवशी बोलवू नका.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस पोट साफ होत नाही. दुखण्याच्या कडक गोळ्यांनी, विशेषतः ट्रॅमाडॉलनं, आतडी सुस्तावतात, त्यात हालचाल नाही. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, दुपारी पपई किंवा भिजवलेल्या काळ्या मनुका. कमोडवर बसवायची उंच सीट आधीच आणा. उठायला त्रास होतो म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. तसं करू नका.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे डिंकाचे लाडू तीन घरांतून आले, अळिवाचे एका घरातून आणि पेढे मोजले नाहीत. अहो, गुडघा बदललाय, बाळंतीण नाही मी! एका डिंकाच्या लाडवात तूप, गूळ, खोबरं मिळून दोनशेच्या वर कॅलरी सहज असतात आणि हाड काही डिंकानं चिकटत नाही. पण वहिनींना नाही म्हणता येत नाही. या वेळी मीच आधी फोन करून सांगितलंय: आणायचंच तर मोड आलेली मटकी आणा, नाहीतर घट्ट दही. वहिनी जरा गप्प झाल्या, पण मटकी येईल.

वजनकाट्याचं. पहिले दोन-तीन आठवडे त्याच्याकडे बघू नका. सलाईन आणि पायाची सूज यामुळे आकडा खोटा असतो. पुढे करा, पण आधार न धरता. मी वॉकरवर भार टाकून उभी राहिले, काट्यानं ६६ दाखवलं आणि घरात आनंदीआनंद. त्या खुशीत दोन लाडू जास्त गेले. चार दिवसांनी सुनेनं नुसता हात जवळ धरून उभं केलं तेव्हा ७४. बारीक व्हायचा विचार जखम पूर्ण भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, करूच नका. त्या काळात वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ.

एकादशी, चतुर्थी, संकष्टी: गोळ्या चालू आहेत तोवर सुट्टी. उपासाला साबुदाणा येतो आणि त्याचं काय ते वर सांगितलंच आहे.

सहा आठवड्यांनंतर: गोळ्या कमी होतात, तेव्हा गोळीबरोबरचं खाणंही कमी करा. गोळी बंद आणि खाणं चालू, हेही माझं झालंय. भात एक वाटी, भाकरी एक, उसळ दोन वाट्या. चालणं फिजिओ सांगेल तसं. खाण्यातली साखर मोजा. तीन महिन्यांनी मांडी पुन्हा टेपनं मोजून घ्या, नुसता काटा बघू नका. गोड सणाला खा, रोज नको.

माझी तारीख पंधरा दिवसांवर आहे. फुटाणे आणलेत, बरण्या धुऊन ठेवल्यात, पेन दवाखान्याच्या पिशवीत टाकलंय. बिस्किटांचा डबा यांनी काल शेजारी देऊन टाकला. शेजारीण म्हणाली, "काही काळजी करू नका, तुम्ही घरी आलात की भेटायला येताना घेऊन येते."