मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी

“तुमच्याविषयी थोडे सांगा” या प्रश्नाला जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय आणि भावंडे यांपासून सुरुवात करण्याची आपल्याकडची सवय मुलाखतीत सोडावी, कारण अर्ज समोर ठेवून बसलेल्यांना तुमचे काम जाणून घ्यायचे असते. नाव आणि शिक्षण एका वाक्यात आटोपावे. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागासाठी जात असाल, तर “मी मेहनती आहे” असे म्हणण्यापेक्षा “आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर अप्रेंटिस असताना पंपांचे गळणारे सील बदलणे आणि शाफ्टचे अलाइनमेंट तपासणे ही कामे मी स्वतः करत असे” असे सांगावे. पुढचा प्रश्न बहुधा तुमच्या हातखंडा विषयावरच येतो. नागपूरच्याच मिहान या औद्योगिक प्रकल्पातील आयटी कंपनीत गेल्यास प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केले ते असेच नेमके सांगावे, मात्र इतरांचे काम आपल्या नावावर खपवू नये. इंग्रजीतला पाठ केलेला उतारा मध्येच अडला की फजिती ठरलेली, म्हणून केवळ मुद्दे लक्षात ठेवावेत. बोलण्यातल्या वऱ्हाडी किंवा नागपुरी वळणाचा संकोच तर मुळीच बाळगू नये. हेच पद का हवे, ते शेवटी सांगून दीड-दोन मिनिटांत थांबावे.