सास शिकताय? तयार होणारी सीएसएस रोज उघडून बघा

साधी सीएसएस जमते, फ्लेक्स आणि मीडिया क्वेरीत हात बसलाय आणि आता सास, म्हणजे जिच्यातून सीएसएस तयार होते ती भाषा, शिकायचंय, अशांसाठी हे लिहितेय. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी जे भोगलं, ते अजून ताजं आहे.

आधी एक इशारा. धडा कधीचा आहे ते पाहा. रुबीवर चालणारं मूळ सास २०१९ मध्ये बंद झालं, आता डार्ट सास वापरायचं. धडा इम्पोर्टवर, म्हणजे एका फाइलमध्ये दुसरी ओढून घेण्याच्या जुन्या आज्ञेवर, उभा असेल तर तो सोडून द्या. २०२४ पासून डार्ट सासच इम्पोर्टबद्दल इशारा देतं. त्याच्या जागी यूज आणि फॉरवर्ड आहेत. लिहिण्याच्या दोन पद्धतींपैकी महिरपी कंसांची एससीएसएस घ्या, कारण तुमची जुनी सीएसएस तिच्यात जवळजवळ जशीच्या तशी चालते. व्हेरिएबल (नाव दिलेलं मूल्य), पार्शल (दुसऱ्या फाइलीत जोडायचा तुकडा), मिक्सिन (पुन्हा पुन्हा वापरायचा नियमांचा संच) हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. त्याची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायची ती नेस्टिंगची. एका सिलेक्टरच्या पोटात दुसरा लिहिता येतो हे कळल्यावर मी एचटीएमएलचा अख्खा सांगाडाच सासमध्ये उतरवला. पानात बाजूपट्टी, तिच्यात मेनू, मग यूएल, एलआय, ए. दिसायला फार नीटनेटकं होतं. नंतर निवडलेल्या दुव्याचा रंग बदलायचा होता. शेवटी एक स्वतंत्र क्लास लिहिला. रंग हलेना. फाइल सेव्ह झाली का, कॅशे साफ आहे का, क्लासचं नाव बरोबर आहे का, यातच दोन दिवस गेले. मग इम्पॉर्टंट, म्हणजे इतर नियमांवर मात करणारा शेरा, लावला. रंग बदलला, पण हॉवरचा रंग गेला. म्हणून तिथेही इम्पॉर्टंट.

झालं होतं एवढंच: माझ्या नेस्टिंगमधून तीन क्लास आणि तीन टॅग यांचा लांबलचक सिलेक्टर तयार झाला होता. त्याचं वजन (०,३,३), म्हणजे आयडी शून्य, क्लास तीन, टॅग तीन. माझ्या नव्या क्लासचं (०,१,०). ब्राउझर हे आकडे डावीकडून एकेक रकाना करून तोलतो. तीन विरुद्ध एक, तिथेच निकाल लागतो. नंतर लिहिलेला नियम जिंकतो, पण वजन सारखं असेल तरच. हे मला साध्या सीएसएसमध्ये ठाऊक होतं. सासमध्ये सिलेक्टर तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो, त्यामुळे त्याची लांबी डोळ्यांसमोर येतच नाही. ती दिसते फक्त तयार झालेल्या सीएसएस फाइलमध्ये, आणि ती मी एकदाही उघडली नव्हती.

स्वल्पविरामांचंही तसंच. बाहेर तीन सिलेक्टर, आत चार, त्यांच्या आत पुन्हा तीन असे लिहा. एका नियमाचे छत्तीस सिलेक्टर होतात. आणि हॉवरच्या आधीचं, बाहेरच्या सिलेक्टरची जागा घेणारं & विसरलात तर मध्ये जागा पडते, मग नियम बटणाला न लागता बटणाच्या आतल्या गोष्टींना लागतो. कंपाइलर (एससीएसएसची सीएसएस करणारा प्रोग्राम) चूक दाखवत नाही, कारण व्याकरणाने ते बरोबरच असतं.

माझं मत ठाम आहे: नेस्टिंग & पुरतं ठेवा. हॉवर, फोकस, मीडिया क्वेरी, फार तर एक पातळी आत. काही जण &ला शेपूट जोडून क्लासची नावं बनवतात. त्याने वजन एका क्लासचंच राहतं हे खरं, पण पूर्ण नाव फाइलमध्ये कुठेच नसतं, त्यामुळे शोधलं तर सापडत नाही. मला ते पटत नाही. शिवाय २०२३ पासून ब्राउझरमध्येच आलेल्या नेस्टिंगला ही शेपटाची युक्ती चालत नाही.

एक्स्टेंडपासूनही, म्हणजे एका सिलेक्टरला दुसऱ्याचे नियम लावणाऱ्या आज्ञेपासून, नवख्यांनी लांब राहावं. तयार मिक्सिनचे गठ्ठे आणू नका, आपले दोन-तीन आपणच लिहा. आणि तुमच्या हातून कीबोर्ड घेऊन दुरुस्ती करून देणारा वरिष्ठ कितीही प्रेमळ असला, तरी त्याच्याकडून शिकणं होत नाही. मला ज्यांनी खरं शिकवलं, त्यांनी फक्त विचारलं, "यातून सीएसएस काय निघाली?"

व्हेरिएबलबद्दल एकच सांगते. डॉलर चिन्हाचं व्हेरिएबल कंपाइल होताना संपतं, ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो. गडद-उजळ थीम पान चालू असताना बदलायची असेल तर सीएसएसची कस्टम प्रॉपर्टी लागते, आणि तिच्यात सासचं मूल्य भरताना #{} मध्ये गुंडाळावं लागतं. नाहीतर डॉलरसकट नाव तसंच उतरतं.

हे सगळं एकदम डोक्यात बसणार नाही, आणि त्यात तुमचं काही कमी नाही. एका खिडकीत एससीएसएस, शेजारी तयार होणारी सीएसएस, आणि वॉच (फाइल सेव्ह होताच पुन्हा कंपाइल करणारी सोय) चालू. ओळ लिहा, शेजारी काय उमटलं ते वाचा. मी तो मेनू याच पद्धतीने पुन्हा लिहिला. प्रत्येक दुव्याला एकच क्लास दिला, सगळे इम्पॉर्टंट काढले, आणि निवडलेल्या दुव्याचा रंग पहिल्याच खेपेला बदलला.