भुईमुगातील पॅन्जियस ढेकूण : या चुका टाळा

अमेरिकेच्या जॉर्जिया, साउथ कॅरोलायना आणि टेक्सास या राज्यांत भुईमुगाच्या पिकाला पॅन्जियस बायलिनिएटस हा जमिनीत बीळ करून राहणारा ढेकूण उपद्रव देतो, आणि तेथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे शेंगेच्या टरफलावर विश्वास ठेवणे. हा कीटक टरफल कुरतडत नाही. सुईसारखी सोंड त्यातून आत खुपसून तो दाण्याचा रस शोषतो. त्यामुळे शेंग बाहेरून निर्दोष दिसते आणि दाण्यावरचे पिवळसर ते गडद तपकिरी डाग पुष्कळदा वरची साल काढल्यावरच नजरेस पडतात. पाने पाहून तर काहीच कळत नाही. म्हणून पाहणी करताना शेंगा फोडाव्यात, दाणे सोलावेत आणि झाडाखालची माती उकरून पिल्ले व प्रौढ शोधावेत. अशा डागाळलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीपासून तयार होणारे विष अधिक आढळल्याने ही तपासणी केवळ बाजारभावापुरती राहत नाही.

काळपट, चकचकीत, सुमारे सात मिलिमीटर लांबीचा हा कीटक पाहून अनेकजण त्याला भुंगेरा समजतात. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात, तर याला सोंड असते. याच्या पुढच्या पंखांचे टोक पातळ पडद्यासारखे असते आणि पायांवर माती उकरण्यास उपयोगी पडणारे राठ काटे असतात. मात्र पॅन्जियस हा अमेरिका खंडांतला वंश आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील भुईमुगाच्या रानात सापडलेल्या प्रत्येक काळ्या ढेकणाला हे नाव देऊ नये. आपल्याकडे शेंगेला भोक पडलेले किंवा टरफल खरवडलेले दिसले, तर आधी वाळवी किंवा हुमणीचा शोध घ्यावा, कारण ती खूण सोंडेची नव्हे.

कमी मशागतीची पद्धत जमिनीसाठी हितकर असली, तरी कोरडवाहू भुईमुगात तिच्यामुळे या किडीचा धोका वाढतो, आणि लांबलेल्या अवर्षणात नुकसान विशेष होते. जेथे पूर्वी डागाळलेले दाणे मिळाले आहेत, तेथे पेरणीपूर्वी खोल नांगरट करून माती उलटवणे टाळू नये, आणि सोय असल्यास शेंगा भरताना ओलिताला खंड पडू देऊ नये.

पानांवर फवारलेले औषध मातीतल्या ढेकणापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेतील शेतकरी यासाठी दाणेदार क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मातीत वापरत आले; परंतु २०२१ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने अन्नपिकांवरील त्याच्या अवशेषांची मुभा काढून घेतली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, त्यामुळे जुन्या सवयीने पोते फोडण्यापूर्वी त्या हंगामातील परवानगी तपासणे भाग आहे.