पोरांना वाशिष्ठी दाखवायची तर आधी तिथी बघा

सुट्टीत भाचरं चिपळूणला आली की मी त्यांना वाशिष्ठी नदी दाखवते. नकाशा नंतर, आधी अंगणात चिखल.

भिजवलेल्या मातीचा हातभर लांब डोंगर करा. हा सह्याद्री. पूर्वेच्या अंगाला, जरा उंचावर, मोठा खळगा करून पाणी भरा. हा शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. खरा भरतो तेव्हा त्यात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. कोयना निघते महाबळेश्वरला, कऱ्हाडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. आता पपईच्या पानाचा पोकळ देठ डोंगरातून आरपार घाला, पश्चिमेकडचं तोंड उतरतं ठेवा. धार आपल्या बाजूला पडली की पोरं ओरडतातच! हा बोगदा. पाणी पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात येतं, पुढे कोळकेवाडी धरणात अडतं, अलोऱ्याला परत वीज करतं आणि अवजल म्हणून, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी म्हणून, वाशिष्ठीत येतं. "मावशी, मे महिन्यात नदीला एवढं पाणी कुठून?" याचं उत्तर त्या देठात आहे.

दुसऱ्या दिवशी मगरी. त्यासाठी थंडीतली चतुर्थी गाठा, शुद्ध असो वा वद्य. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चार तिथीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. वाशिष्ठीच्या खाडीत आत, मालदोली गावाला, ती थोडी उशिरा लागते. तेव्हा चिखलाचे काठ उघडे पडतात, ऊन कोवळं असतं, आणि मगरी अंग शेकायला वर येतात.

होडी नेहमीच्या तांडेलाचीच, म्हणजे नावाड्याचीच घ्या. जाकीट प्रत्येकाला, हात पाण्यात नाही, काठावर उतरणं नाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

पहिल्यांदा मगर दिसतच नाही. चिखलात ओंडका वाटतो. मग पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा दिसतात, शेपटीचे दाते दिसतात, आणि जबडा उघडा. पोरं घाबरतात, पण ती चिडलेली नसते. तापलेलं अंग ती तोंड उघडून निववते. जुनी माणसं हिला सुसर म्हणतात. खरी सुसर लांब, निमुळत्या तोंडाची, उत्तरेकडच्या नद्यांतली.

कांदळवनाच्या मुळांशी नजर ठेवा. तिथे निवट्या चिखलावर उड्या मारतात: मासा, पण पाण्याबाहेर! खंड्या आणि ब्राह्मणी घार तर हमखास.

वेळ असेल तर दाभोळला जा. धोपाव्याच्या फेरीबोटीतून समोर अंजनवेलचा गोपाळगड दाखवा, तिथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. भरती चढत असताना पोरांना गवताची काडी पाण्यात टाकू द्या. ती समुद्राकडे जात नाही, उलटी चिपळूणकडे निघते.