पक्ष्यांचं पुस्तक घेताना आधी कोकिळा शोधा

हौसेने जाडजूड पुस्तक घेतलं, पण मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनला, पक्षी बघायच्या जागी, उभं राहून त्यात समोरचा पक्षी काही सापडेना. तेव्हापासून दुकानातच पुस्तकाची परीक्षा घेते.

१. कोकिळेचं पान उघडा. काळ्या नराशेजारी ठिपकेदार तपकिरी मादी नसेल, तर पुस्तक परत फळीवर.

२. मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत मोठा आणि लहान अशा दोन्ही जाती येतात, त्यामुळे चित्रं शेजारी-शेजारीच हवीत. मोठ्याची चोच गुलाबी, टोक काळं. लहान्याची गडद लाल.

३. शेवटी मराठी नावांची सूची. (नसली तर मी चालवून घेते.)

फोर्टच्या फुटपाथवर स्वस्तात मिळतं, पण रंग उडालेत का ते बघा. फिकट चित्रांत सगळे वटवटे (छोटे वॉर्बलर पक्षी) सारखेच दिसतात.