मंडळाच्या पोरांना जनावर घेऊन यात्रेच्या प्रदर्शनात उतरवायचंय? मग दिवाळीतच कामाला लागा

गणपती झाले, नवरात्र झालं की तरुण मंडळाच्या पोरांना काम उरत नाही, आणि आपल्या सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात तर नेमक्या तेव्हाच जनावरांच्या यात्रा जवळ येतात. डिसेंबर-जानेवारीत पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पौषात खरसुंडीची सिद्धनाथाची, शिवाय लहान-मोठ्या कितीतरी. तिथं खिलार जातीच्या गुरांचा बाजार भरतो, बऱ्याच ठिकाणी निवड करून नंबरही काढतात. मंडळातली बारा-पंधरा वर्षांची पोरंपोरी आपल्या हातानं वाढवलेलं खोंड किंवा कालवड घेऊन तिथं उभी राहिली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मोठ्यांनी हे वाचून पोरांकडून करून घ्यायचंय, स्वतः करायचं नाही, हे आधीच सांगतो, कारण बाप दोरी धरतो आणि पोरगं बाजूला उभं राहून फोटो काढतं असं फार बघायला मिळतं.

पहिलं काम जनावर निवडायचं. दावणीला जे सगळ्यात मोठं आहे तेच न्यायचं असं काही नसतं. गट दातांवर पडतात, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला, म्हणजे सगळे पक्के दात आलेला. दुधाचे दात आहेत तोवर आदत, साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात येतात आणि मग वर्षाला साधारण एक जोडी धरा, तर तुमचं खोंड यात्रेच्या टायमाला दात पाडायला आलं असेल तर ते वरच्या गटात जाऊन तिथल्या दांडग्या खोंडांसमोर बारीक दिसेल, हा हिशोब आत्ताच करा. खिलार म्हणून बघताना पोरांना शिकवा की चेहरा लांब, कपाळ अरुंद, शिंगं सारख्या वळणाची आणि टोकदार, पाठ सरळ, कातडी अंगाला घट्ट, बेंबट (बेंबीजवळची कातडी) आणि गळ्याची पोळी लोंबती नको. खिलारातले प्रकार, कोसा कुठला आणि काजळी कुठला, हे त्यांना बघून ओळखता आलं पाहिजे. लहान पोरांच्या हातात मात्र खोंड देऊच नका, त्यांना शेळी किंवा मेंढी द्या, जत भागातलं माडग्याळ मेंढरू असेल तर ते पण बघायला गर्दी होते.

आता औषधपाणी. लाळ-खुरकुताची लस यात्रेच्या किमान तीन आठवडे आधी टोचलेली पाहिजे, कारण लस टोचली की लगेच ताकद येत नाही. लंपीची लस झालीय का ते बघा. २०२२ ला लंपी पसरली तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार न प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती, ते आठवत असेल तर यात कोणी हयगय करणार नाही. कानात बारा आकडी बिल्ला हवा, नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मारून घ्या, आणि निघायच्या एक-दोन दिवस आधी तिथूनच तब्येतीचा दाखला घ्या. ही कागदं एका फाइलीत घालायची आणि फाइल एका पोरीच्या किंवा पोराच्या ताब्यात द्यायची, तिला बिल्ल्याचा नंबर पाठ पाहिजे.

खुराकाबद्दल एकच गोष्ट पोटतिडकीनं सांगतो, शेवटच्या आठवड्यात पीठ, गहू, अंडी असलं काही एकदम वाढवू नका. पोट फुगतं, अपचन होतं, आणि जे इतके दिवस कमावलं ते चार दिवसांत उतरतं. कडबा, हिरवी वैरण, सरकी पेंड, वाढत्या खोंडाला रोज २५-३० ग्रॅम क्षारमिश्रण, बस. वाढवायचं ते हळूहळू वाढवा. पोरांना एक वही घालून द्या. दर पंधरा दिवसाला टेपनं मापं घ्यायला लावा, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटाच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की अंदाजे वजन किलोत येतं. म्हणजे घेर ५० आणि लांबी ४४ असेल तर १६६ किलोच्या आसपास. गणिताला कंटाळणारी पोरं पण हे आवडीनं करतात बघा, आणि वजन कधी थांबलं, का थांबलं हे त्यांचं त्यांना कळायला लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सवयीला द्या. माझं स्पष्ट मत आहे की प्रदर्शनात निम्मे नंबर अंगावर जातात आणि निम्मे जनावर कसं उभं राहतं त्यावर. देखणं खोंड गर्दीत बिथरलं, सारखं फिरायला लागलं तर पंचांना पाठ न पाय नीट बघताच येत नाहीत. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी) घालून चालवायचं, थांबवायचं, चारी पाय सरळ टेकवून उभं करायचं. पोरानं जनावराच्या डाव्या अंगाला, डोक्याजवळ चालायचं, ओढायचं नाही. पाय मागं-पुढं पडला तर लाथ न काठी नको, खांद्याला हातानं हलकंसं रेटलं की जनावर स्वतः पाय बदलतं. उभं राहिलं की मान खाजवायची आणि लगेच सोडायचं, म्हणजे उभं राहिलं की सुटका होते हे त्याला समजतं. मग दात दाखवायची सवय. पंच येऊन थेट ओठ खाली करून दात बघतात, ज्या जनावराला याची सवय नाही ते झटका देतं. रोज एकदा खालचा ओठ बोटानं खाली करायचा, हिरडीला बोट लावायचं, सोडायचं. शिंगाला, खुराला, वशिंडाला, शेपटाच्या गोंड्याला हात लावून घ्यायचा, आणि हे घरच्यांनीच नाही तर अनोळखी माणसांनी पण करायला हवं, मंडळातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं यायचं. गोठ्यात स्पीकर लावून हलगी-ढोलाचा आवाज आधी बारीक, मग दर दोन दिवसांनी थोडा मोठा करत न्या. शेवटच्या पंधरवड्यात गावातल्या बाजाराच्या दिवशी एक चक्कर मारून आणा.

कासरा हाताला गुंडाळायचा नाही. हे दहा वेळा सांगा, लिहून चिकटवा. जनावर उधळलं तर गुंडाळलेला हात सुटत नाही, बोटं जातात. बांधताना सुरगाठ, एका झटक्यात सुटणारी, आणि ती प्रत्येक पोराला डोळे झाकून मारता आली पाहिजे.

खुरं तीन आठवडे आधी साळून घ्या, आदल्या दिवशी नको, लंगडं चालेल. खरारा रोज. अंघोळ आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात घाला, थंडीत पहाटे गार पाणी ओतू नका. शिंगाला फक्त तेलाचा हात. काच घेऊन शिंगं तासायची जुनी खोड आहे, ती सोडा, जनावराला त्रास होतो. झूल, घुंगरमाळ मिरवणुकीत घाला, रिंगणात अंग झाकू नका.

नेताना ट्रकात सहाच्या वर जनावरं भरायची नाहीत, कायदाच आहे तसा. खाली वाळू किंवा पाचट टाका, चढवा-उतरवायला फळी हवी. घरचा कडबा दोन-तीन दिवसांचा सोबत घ्या. पाण्याचं असं होतं की काही जनावरं परक्या गावचं पाणी तोंडातच घेत नाहीत, तर आठ दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ विरघळवून पाजा आणि तिथं गेल्यावरही तसंच करा, चव ओळखीची लागते. शक्यतो एक दिवस आधी पोहोचा, जनावराला बसू दे, रवंथ करू दे.

यात्रेत कामं वाटून द्या. एक जण रिंगणात, एक जण शेण-पाणी-वैरण, एक फाइलवाली, आणि एक मोठा माणूस कायम जनावरांपाशी, तमाशा असो नाहीतर कुस्त्या. पंचांनी काही विचारलं तर पोरानंच उत्तर द्यायचं, वय काय, दात किती, आईबाप कुठले, खुराक काय. मोठ्यांनी मागून बोलू नका. गुलाल उधळणाऱ्यांना लांब ठेवा, जनावराच्या डोळ्यात जातो.

आणि विकायचं का नाही हे घरून ठरवून या. चांगलं खोंड दिसलं की हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, येणार, रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव सांगणार, आणि तिथं पोराच्या डोळ्यादेखत बापाचं मन बदललं तर ते पोरगं पुढच्या वर्षी मंडळात येत नाही. विकायचं असेल तर कामाला लागतानाच त्याला सांगा, पैशातलं किती त्याच्या पुढच्या वासराला ठेवणार तेही सांगा. पोरं समजूतदार असतात, फसवलं की मात्र तुटतात.

नंबर आला नाही तर त्याच दिवशी पहिल्या आलेल्या खोंडापाशी पोरांना घेऊन जा, मालकाला विचारायला लावा. बहुतेक जण भरभरून सांगतात, खुराकापासून वळूपर्यंत. ते वहीत उतरवून घ्या.

घरी आल्यावर जनावर लगेच दावणीला बांधू नका. दोन-तीन आठवडे वेगळं, भांडी वेगळी, त्याचं करून मग बाकीच्यांकडं जायचं नाही, आधी बाकीची मग हे. रोज तोंडात, खुरात फोड आहेत का, गोचीड चढलेत का, ताप वाटतो का बघायचं, आणि काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा.