बर्फात मिळालेलं तिकीट घाईने भरू नका

कॅनडातल्या ऑन्टारियोत बर्फावर गाडी घसरून पुढच्या गाडीला लागली की बरेचदा ‘केअरलेस ड्रायव्हिंग’चं, म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवल्याच्या दंडाचं तिकीट हातात पडतं. घाबरून लगेच पैसे भरू नका. भरले म्हणजे गुन्हा कबूल केला. मग लायसन्सवर 6 डिमेरिट पॉइंट (दोषाचे गुण), आणि विम्याचा हप्ताही बहुधा वाढतोच. 15 दिवसांत उत्तर द्या, प्रॉसिक्युटरशी (सरकारी वकिलाशी) भेट मागा. ‘रस्ता निसरडा होता’ एवढ्यावर सुटका होत नाही, कारण अशा वेळी वेग कमी करणं आपलंच काम. काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं: विंटर टायरची पावती, रस्त्याचे फोटो, डॅशकॅमचं (गाडीत पुढे लावलेल्या कॅमेऱ्याचं) चित्रण. अपघाताच्या तासाचं हवामान एन्व्हायर्नमेंट कॅनडा या सरकारी खात्याच्या नोंदींत फुकट सापडतं. चित्रण मात्र त्याच रात्री उतरवून ठेवा, नंतर ते आपोआप पुसलं जातं.